भरलेला ट्रक घाटातून खाली कसा उतरवावा

नागपुरातून सावनेर, सौंसरमार्गे छिंदवाड्याला माल नेणाऱ्या नवख्या ड्रायव्हरला घाटाची धास्ती वाटते ती चढताना. इंजिन ओरडतं, गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते, मागे रांग लागते. खरा धोका मात्र परतीच्या वाटेवर असतो. छिंदवाडा सुमारे 675 मीटर उंचीवर, नागपूर 310 मीटरवर. मधला बराचसा उतार सिल्लेवानी घाटातच भेटतो. मका भरलेला तीन अ‍ॅक्सलचा ट्रक मालासकट 28.5 टनांचा धरला, तर एवढं खाली येताना 28 युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. हजार वॅटची इस्त्री सलग 28 तास चालवल्यावर जेवढी उष्णता निघेल, तेवढी. रस्ता आणि वारा त्यातला काही भाग खातात. उरलेली इंजिनात जिरवायची की चाकांतल्या ब्रेकच्या ड्रममध्ये, हे ड्रायव्हरने ठरवायचं असतं, आणि ते घाटाच्या माथ्यावरच ठरवायचं असतं.

माल भरताना

परवानगीपेक्षा एक पोतंही जास्त घेऊ नका. माल घट्ट बांधा. वळणावर सरकलेलं पोतं गाडीचा तोल घालवतं. ब्रेकला दाबाची हवा पुरवणाऱ्या एअर टाकीतलं पाणी रोज सकाळी काढा. टायर, ब्रेकचे लायनर (ड्रमला आतून घासणारे पट्टे) आणि हवेच्या पाइपांवर नजर टाका.

माथ्यावर थांबा

उतार सुरू होण्याआधी सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या. हवेचा काटा पूर्ण दाबावर आहे का, ब्रेक दाबून धरल्यावर तो भराभर खाली येतो का, कुठून फुस्स असा आवाज येतो का, हे पाहा. पाच मिनिटं जातील, जाऊ द्या.

मग गिअर. जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. आजच्या ताकदवान इंजिनांना मी त्याहून एक खालचाच सांगेन, कारण ही इंजिनं वरच्या गिअरमध्येही सहज चढतात. गिअर माथ्यावरच टाकायचा. वेग आल्यावर उतारात खालचा गिअर शोधायला गेलात तर तो बसत नाही, गाडी न्यूट्रलमध्ये अडकते आणि इंजिनाचा धरून ठेवणारा हात सुटतो.

डिझेल वाचतं म्हणून मुद्दाम न्यूट्रल टाकणारे आजही भेटतात, आणि ते पाहून माझा जीव वरखाली होतो. शिवाय हिशेबही चुकीचा आहे. नव्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की डिझेल जाणंच बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं.

उतरताना

एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून गाडी रोखणारा ब्रेक, सुरुवातीपासून चालू ठेवा. इंजिनाचे फेरे बऱ्यापैकी असतील तरच तो नीट धरतो, पण काटा लाल पट्ट्यात जाऊ देऊ नका. पायाचा ब्रेक सतत दाबून धरायचा नाही. ठरवलेला वेग ओलांडला की ठामपणे दाबा, ताशी आठ-दहा किलोमीटरने वेग उतरवा, पाय पूर्ण उचला. त्या मोकळ्या वेळात ड्रमला वारा लागतो. पाय टेकलेलाच राहिला तर ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटते, आणि हवा भरपूर असूनही गाडी थांबत नाही.

हे मी पहिल्याच वर्षी शिकलो. अर्ध्या घाटात जळका वास आला, आरशात मागच्या चाकातून धूर दिसला. नशिबाने रुंद जागा मिळाली. मी पाण्याचा कॅन घेऊन धावलो, तर सोबतच्या उस्तादांनी हात धरला. “थांब बाळा, ड्रम तडकेल.” चाकांना लाकडी ठोकळे लावून आम्ही तासभर बसलो. तापलेला ड्रम आपोआपच निवू द्यायचा असतो.

रस्ता अरुंद असेल तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या, नियमही तोच सांगतो. पावसाळ्यात आणि धुक्यात पुढच्या गाडीपासून अंतर दुप्पट ठेवा.

ब्रेक लागेनासे झाले तर

गिअर सोडू नका, क्लच दाबू नका, चावी बंद करू नका. इंजिन बंद पडलं तर स्टिअरिंगही जड होतं. हॉर्न आणि दिवे चालू ठेवा. वाळूचा किंवा चढाचा बचाव रस्ता दिसला तर त्यात घाला. तोही नसेल तर गाडी दरीपासून दूर, डोंगराच्या कडेला घासत न्या. पत्रा फाटेल, पण माणूस वाचेल.

पायथ्याशी

खाली आल्यावर पुन्हा थांबा. प्रत्येक चाकाजवळ हात न्या, ड्रमला लावू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त धग देत असेल, तर त्याचा ब्रेक एकटा जास्त काम करतोय किंवा चिकटतोय. ते चाक लक्षात ठेवा आणि पुढचा माल भरण्याआधी नागपूरजवळच्या वाडीतल्या मिस्त्रीला दाखवा.