ट्रंकेतलं जुनं ‘नायलॉन’ नक्की काय आहे, ते कसं ओळखावं

आजीच्या ट्रंकेतून चमकतं, सुळसुळीत पातळ निघालं की इंदुरात कुणीतरी लगेच निकाल देतं: “नायलॉन आहे, टाका मशीनमध्ये!” थांबा. ते व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेलं कृत्रिम रेशीम, असू शकतं. आपल्या जवळच्या नागद्यात १९५४ पासून त्याचे तंतू बनताहेत.

आधी काठावर मिलचा शिक्का सापडतो का बघा. नसेल तर धागा जाळून पाहायचा. नुसत्या हाताने चाचपून कापड ओळखणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. त्यातले निम्मे व्हिस्कोसला रेशीम म्हणतात.

आतल्या शिवणीतून एक उभा आणि एक आडवा धागा काढा. दोन्ही वेगवेगळे तपासा, कारण बऱ्याच पातळांत ताणा एक आणि बाणा दुसरा असतो. धागा चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली, शेजारी पाणी. व्हिस्कोस कागदासारखं जळतं आणि मऊ राख उरते. खऱ्या रेशमाला जळक्या केसांचा वास येतो. नायलॉन आणि टेरिलीन (म्हणजे पॉलिएस्टर) आकसून वितळतात, मग कडक मणी होतो; टेरिलीनचा धूर काळा. टेरीकॉट हमखास गोंधळात टाकतं: टेरिलीनमध्ये सूत मिसळलेलं असल्याने कागदासारखं पेटतं, पण टोकाला गाठही राहते.

वितळताना व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर अ‍ॅसिटेट समजा, तेही लगद्यापासूनच केलेलं, रेशमासारखं चमकणारं कापड. खात्री हवी तर ज्योत विझवून, दुसरा धागा वाटीत ठेवून त्यावर अ‍ॅसिटोन असलेल्या नेलपॉलिश रिमूव्हरचा थेंब टाका. अ‍ॅसिटेट चिकट होऊन विरघळतं. हा थेंब कपड्यावर टाकून बघा असं सांगणारे असतात. त्यांना स्वतःच्या साडीवर टाकायला सांगा.

आता धुणं. व्हिस्कोस ओलं झालं की त्याची ताकद जवळपास निम्मी होते, म्हणून पिळायचं नाही, ओलं असताना तारेवर लोंबकळवायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा, आडवं वाळवा. अ‍ॅसिटेटलाही हेच. पांढरं नायलॉन एकटंच धुवा, ते दुसऱ्या कपड्यांचा रंग ओढून घेतं. आणि मे महिन्यात गच्चीवर नको, उन्हाने पिवळं पडतं. टेरिलीनची काळजी करू नका, फक्त कॉलरवरचं तेल आधी साबणाने चोळून काढा.

प्रेसवाल्याकडे यातलं काहीही देऊ नका. कोळशाच्या इस्त्रीला मंद-कडक कळत नाही. घरीच, उलट्या बाजूने, सगळ्यात कमी आचेवर, मध्ये सुती फडकं ठेवून करा.