बेल्टवाल्या जुन्या टर्नटेबलचा वेग असा जुळवा

टर्नटेबल पुसून सपाट जागी ठेवलंत, प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची फिरती थाळी, उचललात, आता बेल्ट. जुना सैल बेल्ट उकळत्या पाण्यात टाकला की आवळतो, हा सल्ला अजिबात ऐकू नका. चार दिवसांत तो पुन्हा ढिला पडतो. नव्याचं माप जुन्या बेल्टवरून कधीच घेऊ नका, तो ताणलेला असतो. मोटारीच्या पुलीभोवती आणि प्लॅटरखालच्या चाकाभोवती सुतळी फिरवा, ती मोजा आणि त्याहून चार-पाच टक्के लहान बेल्ट मागवा. फार घट्ट बेल्ट मोटारीच्या बेअरिंगवर ताण देतो आणि घरघर थेट सुईपर्यंत पोचते. पुली स्पिरिटने पुसा, बेल्टला बोटांचं तेल लागू देऊ नका.

खरी अडचण यापुढे आहे. इंदूरला रामबागेत आमच्याकडे अमेरिकेहून आलेलं टर्नटेबल आहे. ट्रान्सफॉर्मर लावून मी त्यावर याच गावच्या उस्ताद अमीर खाँची रेकॉर्ड ऐकायचो. खाँसाहेबांचा आवाज खर्जातला, लय अतिविलंबित; काही चुकतंय अशी शंकाच आली नाही. एक दिवस आत्या म्हणाली, “अरे, तंबोरा एवढा जड का वाजतोय?” तिनं पेटी काढली, मोबाइलवर तीच रेकॉर्ड लावली आणि दोन्हींचा ‘सा’ वाजवून दाखवला. टर्नटेबलचा तीन पट्ट्या खाली! तोवर मी तीन बेल्ट बदलून बसलो होतो.

दोष बेल्टचा नव्हताच. अमेरिकेत वीज 60 हर्ट्‌झची, आपल्याकडे 50 ची. सिंक्रोनस मोटार विजेच्या या ठेक्यावरच फिरते आणि ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्ट बदलतो. मग मिनिटाला 33⅓ ऐवजी 28 सुद्धा फेरे होत नाहीत आणि ‘सा’ मंद्र धैवतावर जाऊन बसतो. म्हणून विकत घेण्याआधी मोटारीवरची पाटी वाचाच. 60 लिहिलं असेल तर त्या मॉडेलची 50 ची, थोडी जाड पुली मिळते का ते आधी बघा. डीसी मोटार असेल तर ही भानगड नाही. वेगाचा स्क्रू फिरवला की झालं.

वेग कानावर सोडू नका. 50 हर्ट्‌झची स्ट्रोब चकती, म्हणजे वेग तपासायची रेषांची चकती, घ्या आणि रेकॉर्डवर ठेवा, 33⅓ साठी तिच्यावर 180 रेषा असतात. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली फिरवा. बहुतेक एलईडी दिव्यांखाली रेषा दिसतच नाहीत. रेषा स्थिर तर वेग बरोबर, मागे सरकल्या तर कमी. सुई रेकॉर्डवर ठेवून बघा, नुसती चकती फिरवून नव्हे.

प्लॅटरच्या बेअरिंगला एक-दोन थेंब तेल, सुईचा भार कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या डबीच्या) कागदावर दिलाय तेवढा.

महिनाभर वाजवणार नसाल तर बेल्ट पुलीवरून उतरवून ठेवा. एकाच जागी ताणून राहिला की तो तिथे वाक धरतो आणि मग लांब लावलेला सूर डुलत राहतो.