आर्टिकलशिपमध्ये काटेकोरपणा कुठे थांबवायचा

ज्यांच्या वहीत कधी खाडाखोड नसते, ज्यांचा ताळेबंद परीक्षेत पहिल्या फटक्यात जुळतो, अशा मुलामुलींचं आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीए होण्यासाठी फर्ममध्ये करायच्या प्रशिक्षणाच्या, सुरुवातीला कौतुकच होतं. "हिला दिलं की परत बघावं लागत नाही," असं सीनियर म्हणतात आणि सगळं वाउचिंग, म्हणजे नोंदी बिलांशी ताडून बघायचं काम, तिच्याकडे येऊ लागतं. पुढचा घोळ या कौतुकातूनच होतो. मी त्यात पुरती अडकले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

पेटी कॅशची (किरकोळ रोख खर्चाची) फाइल उघडली की चहापाण्याचं बिल नसतं, रिक्षाच्या व्हाउचरवर सही नसते, कुरिअरची तारीख एक दिवस पुढची असते. काढलेली प्रत्येक चूक खरी असते, त्यामुळे क्वेरीची यादी वाढत गेली की काम उत्तम चाललंय असंच वाटतं. इकडे डेटर्सना, म्हणजे क्लायंटचे पैसे देणं लागणाऱ्यांना, बॅलन्स कन्फर्मेशनची (बाकी बरोबर आहे ना, हे विचारणारी) पत्रं गेलेलीच नसतात. ती शेवटच्या आठवड्यात पाठवली तर उत्तरं वेळेत येत नाहीत. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी किती दिवस थकली, ही यादीही कोणी मागितलेली नसते. त्यांना लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात. ही मुदत उलटलेलं आणि वर्षअखेरीला बाकी असलेलं देणं 2023-24 पासून त्या वर्षी खर्च म्हणून वजा होत नाही. क्लायंटचा कर वाढतो तो इथे. रिक्षाच्या सहीने काही वाढत नाही.

एसए 320 हे मटेरियालिटीचं, म्हणजे किती रकमेपासून चूक महत्त्वाची धरायची याचं, ऑडिट मानक सगळ्यांनी परीक्षेसाठी वाचलेलं असतं. तरी पहिली फाइल उघडण्याआधी सीनियरला विचारा, "या क्लायंटची मटेरियालिटी किती धरली आहे?" तो आकडा वर्किंग पेपरवर लिहा आणि मगच टॅलीला हात लावा.

पण म्हणून छोट्या रकमा डोळे झाकून सोडायच्या नाहीत. एका माणसाला एका दिवसात 10,000 रुपयांच्या वर रोख दिलेला खर्च अमान्य होतो, मालवाहतूकदारांसाठी ही मर्यादा 35,000 आहे. एकाच नावावर लागोपाठच्या दिवशी 9,500 ची व्हाउचरं दिसली, तर तिथे जरूर थांबा. तुमचा बारकावा अशाच जागी हवा आहे.

इतर गुणांचंही असंच होतं. स्मरणशक्ती चांगली असलेले कागदावर उतरवत नाहीत, ते सुट्टीवर गेले की फाइल अडते. सगळ्यांना हो म्हणणारे सप्टेंबरात तीन क्लायंटच्या टॅक्स ऑडिटमध्ये सापडतात आणि एकही धड शिकत नाहीत. गेल्या वर्षीची फाइल उघडून नुसते आकडे बदलणारा शॉर्टकट मात्र मला अजिबात मान्य नाही. डमी, म्हणजे कामावर न जाता नुसती कागदोपत्री केलेली, आर्टिकलशिप तर नकोच.

शिकायचं असेल तर प्रिन्सिपलची, म्हणजे ज्यांच्या हाताखाली आर्टिकलशिप असते त्या सीएंची, वाट बघत बसू नका. ते चांगले असतात, पण हाती लागत नाहीत. फर्ममधला सेमी-क्वालिफाइड (सीएची अंतिम परीक्षा बाकी असलेला) सीनियर गाठा. काय बघायचं आणि काय सोडायचं, हे त्याच्याइतकं नेमकं कोणी सांगत नाही. आता आर्टिकलशिप तीनऐवजी दोनच वर्षांची आहे, तेव्हा हे पहिल्याच ऑडिटला विचारा. सुरुवातीला बावळट वाटेल, पण मटेरियालिटीचा आकडा सीनियरकडे बहुतेक वेळा तयारच असतो.