लाल सॉसवाल्या इटालियन हॉटेलात शाकाहारी मंडळींसाठी

न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडच्या जुन्या इटालियन-अमेरिकन हॉटेलात जाताय? शाकाहारी असाल तर ‘टोमॅटोचाच तर सॉस’ म्हणून गाफील राहू नका. ‘संडे ग्रेव्ही’ नावाच्या टोमॅटो सॉसमध्ये सॉसेज, मीटबॉल, डुकराचं मांस तासन्‌तास रटरटलेलं असतं, नुसते मीटबॉल बाजूला काढून काय उपयोग? मरिनारा मागवा. टोमॅटो, लसूण, ऑलिव्ह तेल, संपलं. तरी वेटरला एकदा विचाराच. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँचोव्ही मासे असतात, मिनेस्ट्रोने सूप बरेचदा चिकनच्या पाण्यातलं. एगप्लांट पार्मेजान मात्र झकास: वांग्याचे काप अंड्यात नि ब्रेडक्रम्समध्ये घोळवून तळलेले, वर सॉस आणि वितळलेलं मोझरेला. अर्थात अंडं चालत असेल तर! ‘फॅमिली स्टाइल’ (म्हणजे सगळ्यांनी वाटून खायची मोठी प्लेट) लिहिलेलं असेल तर माणशी एक प्लेट मागवू नका. थोडी रोकडही जवळ असू द्या, काही ठिकाणी कार्ड अजून चालत नाही.