तांबड्या रश्श्याला दोष देण्याआधी या चुका टाळा

कोल्हापुरात पोट बिघडलं की पहिला आळ तांबड्या रश्श्यावर येतो. दोन दिवस चटणी, म्हणजे आपलं मसाल्याचं तिखट, बंद आणि दहीभात सुरू होतो. मग रविवार उजाडतो, की पुन्हा तेच. घरचा स्वयंपाक आयुर्वेदाच्या अंगानं करायला लागल्यापासून मी रश्श्यापेक्षा जेवणाऱ्याच्या सवयीच आधी तपासते. तिथं सापडलेल्या या चुका.

आधीचं जिरायच्या आत पुन्हा जेवणं

सकाळी अकराला मिसळ, कट म्हणजे तिचा झणझणीत रस्सा दोनदा मागून घेतलेला, आणि दीड वाजता घड्याळ बघून पुन्हा ताटावर. याला आयुर्वेदात अध्यशन म्हणतात. अन्न जिरल्याच्या खुणा सोप्या आहेत: ढेकर स्वच्छ येते, अंग हलकं वाटतं, पोट साफ होतं आणि खरी भूक-तहान लागते. मिसळीच्या वासाची ढेकर येत असेल, तर दुपारचं ताट पुढं ढकला.

मटकीचंही लक्षात घ्या. मोड आलेली धान्यं वाग्भटानं अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात रोज खाऊ नयेत अशा पदार्थांत घातली आहेत. पौष्टिक म्हणून सकाळी वाटीभर कच्ची मोडाची मटकी खाणाऱ्यांना गॅसचा त्रास असेल, तर सगळ्यात आधी ती बंद करून बघा. मटकी मऊ शिजवा, फोडणीत हिंग-जिरं घाला आणि रोजच्या उसळीला मूग घ्या.

पांढरा रस्सा म्हणजे सौम्य, असं समजणं

ही चूक पाहुण्यांपेक्षा आपणच जास्त करतो. तांबडा जपून आणि पांढरा वाट्यांवर वाट्या! पांढऱ्यात मिरचीचा जाळ नसतो हे खरं. पण त्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू असतात, आणि हे सगळे पचायला जड. जेवणानंतर सुस्ती आणि पोटाला तडस लागत असेल, तर पांढऱ्याच्या वाट्या मोजा. चरकसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथात पोटाचे तीन भाग सांगितले आहेत: एक घन अन्नासाठी, एक पातळासाठी आणि एक वात-पित्त-कफाच्या हालचालीसाठी मोकळा. आपण भाकरी मोजतो, रस्सा मोजतच नाही.

याच हंडीतलं अळणी मात्र मला फार मोलाचं वाटतं. वाटण पडायच्या आधीचं हे पाणी आपण लहान मुलांना आणि आजारातून उठलेल्यांना देतो. अशक्त माणसाला मांसरस अमृतासारखा, असं चरकसंहिताही सांगते. भूक मंद असेल त्या रविवारी वाटीभर गरम अळणी घ्या, त्यात मिरपूड टाका आणि थोड्या भातावर थांबा.

पैलवानाचा खुराक, खुर्चीवरचं काम

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर पेलाभर म्हशीचं दूध पिणं ही आपली हौस आहे, आणि ती असावीच. पण चरकसंहितेत म्हशीचं दूध गाईच्या दुधापेक्षा जड आणि थंड सांगितलंय. ज्याची भूक अतिशय प्रखर किंवा ज्याला झोप लागत नाही त्याच्यासाठी ते हितकर. तालमीत पहाटेपासून जोर-बैठका मारणाऱ्याला ते जिरतं. दिवसभर बसून काम करणाऱ्यानं रात्री मटणाच्या जेवणावर तेच दूध घेतलं, तर सकाळी जीभ पांढरी आणि अंग जड होणारच. दूध प्यायचंच असेल त्या दिवशी रात्रीचं जेवण हलकं ठेवा, दूध उकळून त्यात सुंठ घाला. मासे खाल्ले असतील त्या वेळी दूध अजिबात नको. ते विरुद्ध अन्न, म्हणजे एकत्र खाल्लं तर बाधणारं, मानलंय.

जळजळीवर दही

दही हाताला थंड लागतं म्हणून पोटातही थंड, असं वाटतं. आयुर्वेदाच्या मते ते उष्ण आणि पित्त वाढवणारं आहे. रात्री खाऊ नये, गरम करू नये, आणि शरद, ग्रीष्म, वसंतात शक्यतो टाळावं, असे त्याचे नियम आहेत.

मग ताक? इथं त्रास कोणता ते आधी ओळखायला हवं. पोट जड आहे, तोंडाला चव नाही, तर दुपारी लोणी काढलेलं ताजं ताक, जिरेपूड आणि सैंधव घालून, उत्तम. छातीत आग होत असेल तर ताकही नको. तेव्हा मऊ भात, मुगाचं वरण, वर साजूक तूप आणि रात्री भिजवलेल्या धन्यांचं पाणी. नवरात्रापासून ऑक्टोबरच्या उन्हात ही आग जास्त होते, तेव्हा रश्श्यात चटणी निम्मी करून धने वाढवा. जळजळ आठवड्यामागून आठवडे राहिली, वजन उतरलं किंवा शौचातून रक्त गेलं, तर घरचे उपाय थांबवून डॉक्टरांकडे जा.

गुळाचं थोडक्यात: गुऱ्हाळावरचा ताजा गूळ चवीला कितीही छान असला तरी नवा गूळ कफ वाढवतो आणि भूक मारतो. रोजच्या वापराला जुना ठेवा.

आणि आखाडातल्या, म्हणजे आषाढातल्या, जेवणानंतरचा दिवस. पावसाळ्यात भूक मुळातच मंद असते, म्हणून सकाळी फक्त गरम पाणी. भूक लागली की वर्षभर जुन्या तांदळाची पातळ पेज, त्यात जिरं, सुंठ आणि मीठ. संध्याकाळपर्यंत पोट हलकं झालं नाही, तर रात्रीही पेजच.