नीळ घालण्याआधी साबण निघाला का? धुलाईतल्या या चुका टाळा

अमेरिकेत 1865 साली गुलामगिरी कायद्याने संपली, तरी दक्षिणेतल्या असंख्य कृष्णवर्णीय बायकांच्या पोटापाण्याचं साधन म्हणजे गोऱ्यांच्या घरचं धुणंच राहिलं. पुढे व्हर्जिनियातली कृष्णवर्णीयांसाठीची हॅम्प्टन संस्था (1868), मग कृष्णवर्णीय शिक्षिका नॅनी हेलन बरोज यांनी 1909 मध्ये वॉशिंग्टनला काढलेली मुलींची शाळा, अशा ठिकाणी हेच काम शिकवलं जाऊ लागलं. त्या काळच्या धुलाईत काय बिघडायचं, हे घरी सुती साडीला खळ करणाऱ्यांना लगेच उमगेल.

सगळ्यात फसवी चूक निळीची. धुतलेले पांढरे कपडे वाळून इस्त्रीखाली आले की त्यांवर तांबूस डाग उमटत आणि दोष पाण्याला दिला जाई. पण त्या काळच्या पातळ निळीत बऱ्याचदा प्रशियन ब्लू असे, म्हणजे लोहाचं संयुग. कपड्यात साबण राहिला की त्यातल्या अल्कलीने ते फुटे आणि चक्क गंज धाग्यात बसे. म्हणून पाणी निवळशंख येईपर्यंत खळबळायचं, मगच नीळ. डाग पडलाच, तर लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवावं.

रक्ताचा किंवा दुधाचा डाग थेट उकळत्या पाण्यात घालू नका, तो शिजून पक्का होतो. आधी गार पाणी. लोकर गरम पाण्यात चोळली की आटलीच.

इस्त्री खळीला चिकटते? एकतर खळ कच्ची राहिली, नाहीतर तळाला काजळी आहे. लोखंडी इस्त्री चुलीवर तापायची, त्यामुळे फडक्यात मेण बांधून तळ पुसून घेत आणि खळ शिजतानाही मेणाचा कण टाकत.

आता इतिहास वाचतानाची चूक. शाळेने या बायकांना धुणं शिकवलं, असं समजू नका. हात त्यांचे आधीच तयार होते. उणीव होती मजुरीची. 1881 च्या जुलैत दक्षिणेतल्याच अटलांटा शहरात धुणं धुणाऱ्या 20 जणींनी संघटना काढली, तीन आठवड्यांत ती 3000 वर गेली. मागणी होती 12 पौंड वजनाच्या कपड्यांना 1 डॉलर. नगरपरिषदेने 25 डॉलर परवाना शुल्काचा धाक घातला. बायकांनी महापौरांना कळवलं: शुल्क भरू, पण शहराच्या धुलाईचा कारभार आमच्या हाती राहील.