ऑटोइम्यून लिव्हरचा अँटीबॉडी रिपोर्ट कसा वाचायचा

एसजीपीटी (लिव्हरचं एक एन्झाइम) भरपूर वाढलेलं, काविळीच्या ए-बी-सी-ई सगळ्या टेस्ट निगेटिव्ह, दारूचा संबंध नाही, मग डॉक्टर ऑटोइम्यून लिव्हरच्या, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लिव्हरवर उलटलीय का हे बघायच्या, अँटीबॉडी टेस्ट लिहून देतात आणि काही दिवसांनी मोबाइलवर पीडीएफ येते, तिच्यात एएनए, एएसएमए, एएमए, एलकेएम अशी नुसती अक्षरं. ही वेगवेगळ्या अँटीबॉडींची नावं: एएनए पेशींच्या केंद्रकाविरुद्धची, एएसएमए गुळगुळीत स्नायूंविरुद्धची, एएमए पेशींतल्या मायटोकाँड्रियाविरुद्धची आणि एलकेएम लिव्हर-किडनीच्या पेशींविरुद्धची. घरातली माणसं हबकून जातात, किंवा 'निगेटिव्ह' बघून उगाच निश्चिंत होतात, आणि मला ह्या दुसऱ्याची जास्त काळजी वाटते.

म्हणून सगळ्यात आधी टेस्ट कुठल्या पद्धतीने केलीय ते बघा. रिपोर्टवर 'इम्युनोब्लॉट' किंवा 'लाइन' (पट्टीवर ठरावीक अँटीबॉडी शोधायची टेस्ट) असं काही असेल तर त्यात नेमकं काय काय तपासलंय त्याची यादी वाचा. बऱ्याच लिव्हर ब्लॉटमध्ये एएमए-एम२, एलकेएम-१, एलसी-१, एसएलए ह्या अँटीबॉडी असतात पण नेहमीची एएनए आणि एएसएमए नसतेच, आणि मोठ्या माणसांत जास्त दिसणारा जो टाइप १ ऑटोइम्यून हेपॅटायटिस (प्रतिकारशक्तीमुळे येणारी लिव्हरची सूज) त्याच्या मुख्य अँटीबॉडी ह्याच दोन. म्हणजे ब्लॉट पूर्ण निगेटिव्ह आला तरी अर्धी तपासणी बाकीच असते, डॉक्टरांना सरळ विचारा, 'एएनए आणि एएसएमए इम्युनोफ्लोरोसन्सने झालीय का?'

ही इम्युनोफ्लोरोसन्स म्हणजे काय, तर उंदराच्या लिव्हर, किडनी आणि पोटाचे पातळ काप काचपट्टीवर असतात, त्यावर आपलं सीरम टाकतात, मग चमकणारा रंग जोडलेली दुसरी अँटीबॉडी, आणि अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपखाली बघतात. एएसएमए असेल तर पोटाच्या भिंतीतला स्नायूंचा थर आणि रक्तवाहिन्यांच्या कडा हिरव्यागार उजळतात. एएमए आणि एलकेएम दोन्हींत किडनीच्या नळ्या उजळतात, त्यामुळे ह्या दोघींची गल्लत होऊ शकते, तिथे मात्र ब्लॉट फार कामाला येतो. एएनएसाठी बहुतेक लॅब हेप-२ नावाच्या पेशी वापरतात.

आता आकडा. १:४० म्हणजे सीरम चाळीस पट पातळ करूनही चमक दिसली, १:३२० म्हणजे तीनशेवीस पट पातळ करूनही दिसली, म्हणजे दुसरा आकडा जितका मोठा तितकी अँटीबॉडी जोरात. नुसती एएनए १:४० आली तर लगेच घाबरू नका, निरोगी माणसांतही साधारण ३० टक्के लोकांत एवढी निघू शकते, फॅटी लिव्हरवाल्यांत पण बरेचदा निघते. लहान मुलांचं गणित वेगळं, त्यांच्यात एएनए-एएसएमए १:२० आणि एलकेएम १:१० सुद्धा गंभीरपणे घेतात. एलकेएम-१ किंवा एलसी-१ असलेला टाइप २ मुलांत जास्त दिसतो.

एएमए पॉझिटिव्ह असेल तर रोख वेगळा, प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिसकडे. ह्या आजाराच्या ९० ते ९५ टक्के पेशंटमध्ये ती सापडते, सोबत अल्कलाइन फॉस्फटेज (लिव्हर टेस्टमधलं आणखी एक एन्झाइम) वाढलेलं असतं, अंगाला खाज, थकवा, आणि बहुतेक पेशंट मध्यम वयाच्या बायका. पित्तनलिकांचा दुसरा आजार आहे प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस, त्याला भरवशाची अशी अँटीबॉडी नाही, तिथे एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) लागतो.

मग आयजीजीची (रक्तातल्या मुख्य प्रकारच्या अँटीबॉडींची एकूण पातळी) ओळ शोधा, नसेल तर ती टेस्ट झालीय का विचारा. डॉक्टर २००८ ची एक सोपी गुणपद्धत वापरतात. समजा रिपोर्ट असा आहे: एएसएमए १:१६०, आयजीजी २४०० आणि लॅबची वरची मर्यादा १६००, व्हायरस निगेटिव्ह. १:८० किंवा वर म्हणून २ गुण, आयजीजी मर्यादेच्या १.१ पटीहून जास्त म्हणून २, व्हायरल कावीळ नाही म्हणून २, झाले ६, म्हणजे ऑटोइम्यून हेपॅटायटिस 'असण्याची शक्यता'. ७ झाले की 'निश्चित' धरतात, आणि तो सातवा गुण बायोप्सीतून येतो. म्हणून डॉक्टर बायोप्सी सांगतात तेव्हा टाळाटाळ करू नका. काही पेशंटमध्ये सगळ्या अँटीबॉडी निगेटिव्ह असूनही आजार असतो, तेव्हा तर बायोप्सीच बोलते.

डॉक्टरांकडे जाताना घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी न्या, काढे आणि गोळ्यांसकट, 'आयुर्वेदिकच आहे' म्हणून वगळू नका. कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या सहा जणांना लिव्हरचा त्रास झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं, त्यात ऑटोइम्यूनसारखी लक्षणं दिसली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, पण यादीत गुळवेल लिहायला काय हरकत आहे? नायट्रोफ्युरँटॉइन आणि मिनोसायक्लिन ह्या अँटिबायोटिक्सनेही असं चित्र उभं राहू शकतं.

उपचार सुरू झाल्यावर दर महिन्याला टायटर (तो १:४० सारखा आकडा) काढत बसू नका, मोठ्यांत तो आजाराबरोबर नीट वर-खाली होत नाही, एसजीपीटी, एसजीओटी आणि आयजीजीवर लक्ष ठेवतात. बरं वाटतंय म्हणून स्टेरॉइड मनाने तर अजिबात बंद करायचं नाही. आणि डोळे पिवळे, त्यात पेशंट गुंगीत किंवा असंबद्ध बोलतोय, किंवा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) वाढलेला असेल तर अँटीबॉडीच्या रिपोर्टची वाट बघू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.